वाट, सोबती आणि तहान : 'तीर्थावळी'पासून 'चिरीमिरी'पर्यंत

१

मित्राला बरोबर घेऊन घराबाहेर पडावे, न पाहिलेली ठिकाणे पाहावीत, हिंडून दमल्यावर कोठेतरी बसून काही प्यावे आणि परत फिरावे, हा अनुभव इतका नित्याचा आहे की वाङ्मयाच्या अभ्यासात त्याला स्वतंत्र स्थान क्वचितच मिळते. प्रवासवर्णनाच्या विवेचनात स्थळांची नोंद होते. व्यक्तिचित्रणाच्या विवेचनात मित्राची होते. पिण्याचा विषय आला की तो समाजसुधारणेच्या किंवा मद्यपाननिषेधाच्या प्रकरणात जाऊन पडतो. हे तीनही घटक ज्या एका प्रसंगात एकत्र येतात, त्या प्रसंगाचे स्वतःचे असे काही कार्य असते काय, हा प्रश्न त्यामुळे अनुत्तरित राहतो. पदव्युत्तर वर्गात संतसाहित्य, नाटक, कादंबरी आणि दलित आत्मकथन यांचे अध्यापन वेगवेगळ्या पत्रिकांत विभागलेले असल्यामुळे तो विचारलाही जात नाही.

या प्रश्नाचा माग काढण्यासाठी आज हिंगोली जिल्ह्यात असलेल्या दोन स्थळांपासून आरंभ करणे सोयीचे ठरते. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. त्यातील कयाधू नदीकाठचे नर्सी हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून मानले जाते. काही अभ्यासक हा मान पंढरपूरला देतात, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. याच जिल्ह्यातील औंढा नागनाथ हे नागनाथाच्या प्राचीन मंदिराचे स्थळ असून महाराष्ट्रातील परंपरा त्याची गणना बारा ज्योतिर्लिंगांत करते. नामदेव आणि ज्ञानदेव या दोन मित्रांच्या भ्रमंतीची जी कथा मराठीने सातशे वर्षे सांगितली, तिचा एक अत्यंत अर्थपूर्ण टप्पा या औंढ्यात आहे. ही कथा ज्या अभंगप्रकरणात येते, ते म्हणजे 'तीर्थावळी'.

प्रस्तुत लेखात मांडावयाचे सूत्र थोडक्यात असे : मराठी वाङ्मयात मित्रासह केलेल्या भ्रमंतीचा कस वाटेवर लागत नाही, तो पिण्याच्या क्षणी लागतो. दोघे एकाच ठिकाणी, एकमेकांच्या बरोबरीने तहान भागवू शकतात काय, यावर त्या सोबतीचे मोल ठरते. विहिरीचे पाणी, मद्याचा प्याला आणि हॉटेलातला चहा ही या एकाच कसोटीची तीन रूपे आहेत.

२

नामदेवांच्या नावावरील अभंगांमध्ये 'आदि', 'तीर्थावळी' आणि 'समाधि' ही तीन कथनपर प्रकरणे ज्ञानदेवांच्या चरित्राशी निगडित आहेत. महाराष्ट्र शासनाने १९७० साली प्रसिद्ध केलेल्या 'श्रीनामदेव गाथे'मुळे ती अभ्यासकांना सहज उपलब्ध झाली. त्यांच्या कर्तृत्वाविषयी मतभेद आहेत. नामदेवांचा काळ परंपरेने इ. स. १२७० ते १३५० असा मानला जातो; ज्ञानदेवांची समाधी इ. स. १२९६ मधली. परंतु उपलब्ध पाठात उत्तरकालीन 'नामा'ची, विशेषतः विष्णुदास नाम्याची भर असावी, असे मत अनेकांनी मांडलेले आहे. येथील विवेचनाला त्या वादाचा निर्णय आवश्यक नाही. 'तीर्थावळी' ऐतिहासिक प्रवासाची दैनंदिनी नसली, तरी मराठी समाजमनाने दोन मित्रांची भ्रमंती कशी कल्पिली याचे ते साधन निश्चितच आहे.

प्रकरणाचा आरंभ लक्षणीय आहे. प्रवासाची ओढ नामदेवांना नाही, ती ज्ञानदेवांना आहे. ज्ञानदेव पंढरपुरास येतात आणि आपण दोघांनी मिळून तीर्थे पाहावीत असे सुचवितात. नामदेव तयार होत नाहीत. त्यांच्या दृष्टीने पाहण्यासारखे जे काही आहे ते पंढरीतच आहे. विठ्ठलाचे पाय सोडून जाण्याचे त्यांना कारण दिसत नाही. अखेर निर्णय विठ्ठलावर सोपविला जातो. विठ्ठल अनुज्ञा देतो आणि नामदेवाला सांभाळण्यासाठी ज्ञानदेवाच्या हाती सोपवितो. वडीलधाऱ्या माणसाने घरचे मूल शेजाऱ्याच्या हाती देऊन 'नीट ने, नीट आण' असे सांगावे, तशी या प्रसंगाची घरगुती भाषा आहे.

येथे सोबतीची एक व्याख्याच सिद्ध होते. सोबती म्हणजे आपल्यासारखाच असलेला दुसरा नव्हे. एकाला जावयाचे आहे, दुसऱ्याला राहावयाचे आहे. एक तत्त्वज्ञ आहे, दुसरा कीर्तनकार. एक ब्राह्मण कुळात जन्मूनही संन्याशाचे पोर म्हणून बहिष्कृत ठरलेला, दुसरा शिंपी. वाटेवर ज्ञानदेव नामदेवांना भजनाचे रहस्य विचारतात आणि नामदेव संकोचून उत्तर देतात. 'ज्ञानेश्वरी'च्या कर्त्याने नामदेवांना प्रश्न विचारावा, ही रचना सहजासहजी झालेली नाही. घरी असताना ज्याला ज्ञानी म्हणून ऐकावयाचे, त्याला वाटेवर जिज्ञासू होता येते. चालण्यामुळे दोघांमधील उच्चनीचतेचा क्रम हलतो, हे या प्रकरणाचे एक मर्म आहे.

समकालीन महानुभाव पंथाच्या आचारधर्माशी तुलना केली म्हणजे हे वैशिष्ट्य अधिक उठून दिसते. महानुभावांनीही भ्रमणाला मोठे महत्त्व दिले. परंतु तेथे नित्याटन आणि विजन यांचा निर्देश साधकाला पाश तोडून एकटे होण्याकडे नेतो. 'तीर्थावळी'तील भ्रमंती नेमकी उलट दिशेची आहे. तेथे चालणे म्हणजे नाते वाढविणे होय. शिवाय जो मागे राहिला आहे, तो विठ्ठल, नामदेवाच्या वियोगाने पंढरीत व्याकुळ होतो आणि आपली व्यथा रखुमाईजवळ बोलून दाखवितो. घर सोडल्याची हुरहूर येथे घरालाच लागते.

३

या प्रवासाचा मध्यबिंदू विहिरीचा प्रसंग आहे. मारवाडच्या निर्जल प्रदेशात दोघेही तहानेने व्याकुळ होतात. एक विहीर दिसते. पण ती अतिशय खोल आहे आणि पाणी काढण्यास साधन नाही. परंपरा ही विहीर बिकानेर परिसरात दाखविते. ज्ञानदेव लघिमा सिद्धीचा अवलंब करतात, सूक्ष्म रूपाने तळाशी उतरतात आणि पाणी पिऊन वर येतात. नामदेवांसाठीही पाणी आणण्याची त्यांची तयारी आहे. नामदेव ते स्वीकारीत नाहीत. ते विठ्ठलाला हाक मारतात; आणि विहीर तळापासून उचंबळून काठोकाठ भरून वाहू लागते.

या प्रसंगाचे स्पष्टीकरण बहुधा 'योगापेक्षा भक्ती श्रेष्ठ' असे एका ओळीत केले जाते. सांप्रदायिक दृष्टीने ते योग्यच आहे. परंतु प्रसंगातील तपशिलांचा अर्थ त्यातून पुरता उलगडत नाही. दोघांच्या पिण्याच्या रीतींतील फरक पाहावा. ज्ञानदेवांच्या रीतीने पाणी पिण्यासाठी माणसाला खाली उतरावे लागते, आणि उतरण्याचे सामर्थ्य ज्याच्याजवळ आहे त्यालाच ते मिळते. दुसऱ्याला ते मिळावयाचे तर समर्थाच्या हातून, उपकार म्हणून. नामदेवांच्या रीतीने पाणी स्वतः वर येते आणि एकदा वर आले की ते केवळ नामदेवांचे राहत नाही. काठावर येणाऱ्या प्रत्येकाला, पांथस्थाला आणि जनावरालाही, ते ओंजळीने घेता येते. हा फरक मार्गांचा तसाच वाटपाचाही आहे.

मित्राने आणून दिलेले पाणी नामदेव नाकारतात, ही गोष्ट म्हणूनच महत्त्वाची. त्यात अहंकार शोधणे चूक ठरेल. सोबतीत एकाने सदैव देणारा आणि दुसऱ्याने सदैव घेणारा राहावे, हे नामदेवांना मान्य नाही. दोघे एकाच पातळीवर उभे राहून पितील तेव्हाच ते खऱ्या अर्थाने बरोबर प्याले, असे हा प्रसंग सुचवितो. ज्ञानदेवांनाही यात पराभव वाटत नाही. ते मित्राची थोरवी आनंदाने मान्य करतात. मतभेद होऊनही सोबत तुटत नाही, हे या जोडीचे वैशिष्ट्य आहे.

४

विहिरीवर जे सहज साधले, ते माणसांच्या वस्तीत साधत नाही. औंढा नागनाथच्या कथेचा अर्थ या संदर्भात लावावा लागतो. परंपरेनुसार तीर्थाटनाच्या अखेरीस ही मंडळी नागनाथाच्या दर्शनास येतात. मंदिरासमोर नामदेवांचे कीर्तन चालू असता तेथील ब्राह्मण त्यांना हटकतात आणि देवळाच्या मागे पिटाळतात. नामदेव मागे जाऊन कीर्तन करू लागतात, तेव्हा देऊळच फिरून त्यांच्या सन्मुख होते. महिपतीने 'भक्तविजया'त (इ. स. १७६२) नामदेवचरित्राला मोठे स्थान दिल्यामुळे अशा कथा घराघरांत पोहोचल्या. देऊळ फिरल्याचा उल्लेख शिखांच्या 'गुरू ग्रंथसाहिबा'त समाविष्ट झालेल्या नामदेवांच्या ६१ पदांपैकी एका पदातही येतो. तेथे स्थळाचे नाव नाही, परंतु जातीवरून झालेल्या अवमानाची बोच स्पष्ट आहे. याच औंढ्याशी परंपरेने नामदेवांचे गुरू विसोबा खेचर यांचेही नाव जोडलेले आहे. पिंडीवर पाय ठेवून निजलेल्या विसोबांनी 'जेथे देव नाही तेथे माझे पाय उचलून ठेव' असे म्हणून शिष्याचे डोळे उघडले, ती कथा प्रसिद्धच आहे. देव एका दिशेला, एका जागी असतो ही समजूत दोन्ही कथा मोडून काढतात.

भ्रमंतीच्या दृष्टीने या कथेत एक कठोर सत्य आहे. दोन मित्र एकच वाट चालून एकाच गावी पोहोचले, तरी ते गाव दोघांचे स्वागत सारखेच करील असे नाही. एकाला जे 'दर्शन' असते, ते दुसऱ्याला 'मज्जाव' असू शकते. नवे स्थळ हिंडून पाहण्याचा आनंद ज्या स्वातंत्र्यावर उभा असतो, ते स्वातंत्र्य समाजाने सर्वांना सारखे वाटलेले नसते. स्वतः बहिष्काराचा अनुभव घेतलेल्या ज्ञानदेवांच्या सोबतीतही नामदेवांना मागच्या बाजूस जावे लागते, म्हणजे मित्राची सोबत जातीची भिंत आपोआप पाडीत नाही. आणि ही घटना दूरच्या मारवाडात न घडता नामदेवांच्या जन्मभूमीच्या परिसरात घडते, हे तिचे स्थलविशिष्ट मर्म आहे. परमुलखात विहीर उचंबळून येते. मायभूमीत मात्र देवळाचे दार पाठ फिरवून उभे असते आणि त्याला वळवावे लागते.

प्रवासाची सांगता पंढरपुरास मावंद्याने होते. यात्रा करून आलेल्याने भोजन घालावयाचे, ही रूढी. येथे त्याची तजवीज स्वतः विठ्ठल करतो. भ्रमंती आणि पंगत यांची ही जोड मराठी संस्कृतीला स्वाभाविक वाटणारी आहे. पाहून आलेले सर्वांत वाटल्याखेरीज पाहणे पुरे होत नाही.

५

'तीर्थावळी'तील विहिरीकडून एकोणिसाव्या-विसाव्या शतकातील मद्याच्या प्याल्याकडे येताना मधला एक दुवा लक्षात घेणे आवश्यक आहे. इंग्रजी अमदानीत मित्रासह बाहेर पडण्याचे स्थळ तीर्थाकडून शहराकडे सरकले. कचेरी, महाविद्यालय, नाटकगृह, क्लब आणि उपाहारगृह या नव्या जागांत जमणारी मंडळी एका कुळाची किंवा एका गावची नव्हती; शिक्षणाने आणि नोकरीने ती एकत्र आली होती. अशा मंडळींत मैत्रीला नवे महत्त्व आले आणि एकत्र पिणे हे त्या नव्या मैत्रीचे एक चिन्ह बनले. त्या चिन्हाविषयीची धास्ती राम गणेश गडकरी यांच्या 'एकच प्याला' या नाटकात सर्वांत प्रखरपणे प्रकट झाली. गडकऱ्यांचे निधन जानेवारी १९१९ मध्ये झाले आणि त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणले.

या नाटकाचे विवेचन सामान्यतः मद्यपानाचे दुष्परिणाम आणि सिंधूचे पातिव्रत्य या दोन अंगांनी होते. सोबतीच्या अंगाने पाहिल्यास त्याची रचना वेगळीच दिसते. सुधाकराचे दोन सोबती आहेत. रामलाल हा हितचिंतक मित्र. तो आरंभीच विलायतेस जातो. वाटेवरचा खरा सोबती निघून गेला की ती रिकामी जागा तळीराम भरून काढतो. न्यायालयातील वादामुळे सुधाकराची सनद काही काळ रद्द होते. मानी माणसाला तो अपमान सहन होत नाही. त्या क्षणी तळीराम अपमान विसरण्यासाठी प्याला पुढे करतो.

विहिरीच्या प्रसंगाशी याची तुलना केली असता तीन भेद दिसतात. पहिला, तेथील तहान चालण्यातून आलेली होती. येथील तहान शरीराची नाही, ती दुखावलेल्या मानाची आहे. दुसरा, नामदेवांनी मित्राच्या हातचे पाणी नाकारले आणि ते सर्वांसाठी वर आणले. सुधाकर सोबत्याच्या हातचा प्याला स्वीकारतो आणि सर्वांपासून तुटतो. तिसरा, विहिरीवरील पिण्याने प्रवास पुढे चालू राहिला; येथे प्याला हाती आल्यावर माणूस जागचा हलत नाही. गडकऱ्यांनी उभे केलेले 'आर्य मदिरा मंडळ' हे सोबतीचे विडंबन आहे. तेथे नियम, सभासद आणि भाषणे आहेत. पण कोणालाच कोठे जावयाचे नाही. प्रेक्षक त्या बैठकीला मनमुराद हसतो, आणि तेच हसू पुढील अंकांत त्याच्या घशात अडकते. अखेरीस सुधाकर विष मिसळलेला प्याला एकट्याने पितो. पहिला प्याला सोबतीचा होता. शेवटचा एकांताचा आहे.

सिंधूचा विचार येथे टाळता येत नाही. बाहेरच्या बैठकीचा खर्च घरातील स्त्री आपल्या अन्नावाचून भागविते. 'तीर्थावळी'तही नामदेवांच्या घरी गोणाई आणि राजाई आहेत. नामदेवांच्या संसारविन्मुखतेविषयी त्यांच्या तक्रारी गाथेत अन्यत्र आढळतात. पुरुषांची भ्रमंती असो की बैठक, तिच्या हिशेबाची दुसरी बाजू घरात मांडली जाते. मराठी वाङ्मयाने ही बाजू नोंदविली. मात्र स्त्रीला स्वतःला मैत्रिणीसह मोकळेपणाने हिंडताना दाखविण्यास फार काळ घेतला.

६

२० मार्च १९२७ रोजी महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सहकाऱ्यांसह चवदार तळ्याचे पाणी प्याले. ही घटना वाङ्मयबाह्य असली तरी मराठी वाङ्मयातील पिण्याच्या प्रत्येक प्रसंगाचा अर्थ तिने बदलून टाकला. तळ्यावर चालत जाणे, एकत्र ओंजळ भरणे आणि सर्वांसमक्ष पिणे या तीन क्रियांत वाट, सोबत आणि तहान यांचे सर्व घटक आहेत; फक्त येथे विहिरीने उचंबळून वर येण्याची वाट पाहिलेली नाही. तळ्याच्या पायऱ्या उतरण्याचा अधिकार माणसांनी स्वतः बजावला. चमत्काराच्या जागी हक्क आला. त्यानंतरच्या साहित्यात कोण कोणाबरोबर काय पितो, ही निरागस बाब राहिली नाही. गावच्या हॉटेलात वेगळी ठेवलेली कपबशी दलित आत्मकथनांतून पुनःपुन्हा येते, ती केवळ तपशील म्हणून येत नाही.

दया पवार यांच्या 'बलुतं' (१९७८) या आत्मकथनाची रचना या दृष्टीने अभ्यसनीय आहे. तेथे मुंबईतील कावाखान्याचे जग आणि गावाकडचे जग यांची सफर घडते. परंतु ही सफर घडविणारा सोबती कोण? दगडू मारुती पवार आपली हकीकत दया पवार यांना सांगतो, असा निवेदनाचा घाट आहे. म्हणजे शिकलेला, शहरी झालेला लेखक आपल्याच पूर्वरूपाला सोबती करून शहरात आणि आठवणींत हिंडतो. औंढ्यास जाणवलेली विषमता येथे दोन मित्रांमध्ये नसून एकाच माणसाच्या दोन अवस्थांमध्ये आहे. यातील एकाला शहराची दारे उघडली आहेत, दुसरा अद्याप मागच्या बाजूस उभा आहे. त्यांनी एकत्र बसावे आणि बोलावे, हेच या आत्मकथनातील मैत्रीचे आव्हान होय.

त्याआधी भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला' (१९६३) या कादंबरीत मित्रांसह शहर हिंडण्याचा अनुभव निराळ्या स्वरात आला होता. सांगवीहून पुण्यास शिकावयास आलेला पांडुरंग सांगवीकर वसतिगृहात राहतो, मित्र जमवितो, त्यांच्यासाठी सढळ हाताने खर्च करतो, चहा पाजतो आणि हिंडतो. येथे जातीच्या मज्जावाची धार नाही. पण 'तीर्थावळी'तील पाहणे सार्थ ठरविणारे मावंदेही नाही. पुणे हे त्याच्यासाठी तीर्थ होत नाही. चहाचे कप रिकामे होतात, वडिलांचा पैसा सरतो, मित्र पांगतात आणि नायक अपयश घेऊन गावी परततो. परतल्यावर त्याच्यासाठी व्याकुळ झालेला विठ्ठल नाही. कष्टाचा हिशेब मागणारा बाप आहे. दोन्ही कृतींत परतणे आहे, म्हणूनच त्यांतील अंतर नेमके मोजता येते. नामदेव परतून आले तेव्हा पाहिलेल्या सर्व तीर्थांपेक्षा आपली पंढरीच थोर असे म्हणू शकले. सांगवीकराला शहरही आपले म्हणता येत नाही आणि गावही. मराठवाडा, खानदेश, विदर्भातून पुण्या-मुंबईस शिकावयास जाणाऱ्या तरुणांच्या अनेक पिढ्यांना ही कादंबरी आपली वाटली, त्याचे एक कारण या परतण्यात आहे.

७

स्वातंत्र्योत्तर मुंबईत पिण्याच्या प्रसंगावर कायद्याचीही छाया पडली. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याने मद्यपान परवान्याची बाब ठरविले. 'परमिट रूम' हा शब्द त्यातूनच बोलीत रुळला. इराण्याचा चहा आणि परमिट रूममधला प्याला या दोन टोकांमध्ये साठोत्तरी लेखकांची बैठक हलत राहिली. अरुण कोलटकर यांची काळा घोडा परिसरातील 'वेसाइड इन'मधील बैठक वाङ्मयीन इतिहासाचा भाग झाली आहे. त्या खिडकीतून न्याहाळलेला चौक त्यांच्या 'काला घोडा पोएम्स' (२००४) या इंग्रजी संग्रहात उतरला. एका जागी बसूनही शहर हिंडता येते, ही या बैठकीची किमया. तळीरामाच्या मंडळातील बसणे माणसाला आंधळे करीत होते. येथील बसणे पाहण्यासाठी आहे.

परंतु 'तीर्थावळी'शी खरे नाते कोलटकरांच्या 'चिरीमिरी' (२००३) या मराठी संग्रहाचे आहे. त्यातील मध्यवर्ती व्यक्ती म्हणजे बळवंतबुवा हा भजनी माणूस. ज्यांना समाजाने वेश्यावस्तीच्या बाहेर स्थान दिलेले नाही अशा स्त्रियांना घेऊन हा बुवा मुंबईहून पंढरपूरला निघतो. सुशिक्षित कवीने अशा माणसाशी स्नेह जोडावा, त्याच्या बोलण्याची लय आपल्या कवितेत मुरू द्यावी, ही पुन्हा एकदा 'ज्ञानी' आणि 'भजनी' यांची सोबत आहे. मात्र प्रवासाची दिशा पालटलेली आहे. ज्ञानदेव-नामदेव पंढरीहून जगाकडे निघाले होते. ही मंडळी महानगरातून पंढरीकडे निघाली आहेत. आणि मराठी वाङ्मयात जिची फार वाट पाहावी लागली ती गोष्ट येथे घडते : सिंधूप्रमाणे मागे न राहता स्त्रियाच वाटेला लागतात. त्यांची थट्टामस्करी, त्यांची भक्ती आणि त्यांचा मोकळेपणा यांत कवी पावित्र्य आणि अपावित्र्य यांची विभागणी करीत बसत नाही. देऊळ कोणासाठी फिरते, या औंढ्याच्या प्रश्नाला मिळालेले हे एक आधुनिक उत्तर आहे.

८

वरील विवेचनातून अध्ययन-अध्यापनाच्या दृष्टीने काही गोष्टी निष्पन्न होतात. मराठीतील प्रवासाचा विचार केवळ 'प्रवासवर्णन' या वाङ्मयप्रकाराच्या चौकटीत करणे अपुरे आहे. अभंगप्रकरण, शोकात्म नाटक, कादंबरी, आत्मकथन आणि कविता यांतून वाहत आलेले हे आशयसूत्र प्रकारांच्या सीमा ओलांडते. त्याचप्रमाणे मैत्रीचा विचार करताना दोघांतील साम्यापेक्षा त्यांच्यातील भेदाकडे पाहणे अधिक फलदायी ठरते. जाणारा आणि राहणारा, ज्ञानी आणि भजनी, रामलाल आणि तळीराम, दगडू आणि दया या जोड्यांतील ताण हाच त्या कृतींचा चालक आहे. आजच्या शहरी कथेत मित्र किंवा मैत्रिणी दिवसभर हिंडून सायंकाळी कॉकटेलचे ग्लास समोर घेऊन बसतात, तेव्हा तो प्रसंग परका किंवा उथळ म्हणून बाजूला सारण्याचे कारण नाही. त्याला विचारावयाचे प्रश्न जुनेच आहेत. ही तहान कशातून आली? ग्लास कोणी भरला, आणि त्याचे मोल कोण देत आहे? या मेजाशी कोणाला बसता आले नाही? उठल्यावर हे दोघे पुढे चालणार आहेत, की येथेच थांबणार आहेत?

या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक कृतीत वेगळी येतील आणि तशी ती यावयास हवीत. विद्यार्थ्यांनी 'तीर्थावळी'तील विहीर आणि औंढ्याचे देऊळ हे दोन प्रसंग एकमेकांशेजारी ठेवून वाचावेत, ही त्यासाठीची पहिली पायरी आहे. त्यांपैकी एका प्रसंगात पाणी माणसाकडे येते, दुसऱ्यात देव माणसाकडे वळतो; आणि दोन्हींच्या मुळाशी, जे मिळावयाचे ते दुसऱ्याच्या कृपेने किंवा मागच्या दाराने घेणार नाही, असे म्हणणारा एक शिंपी उभा आहे. नर्सी आणि औंढा ही स्थळे हिंगोली जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या अगदी जवळ आहेत. संतचरित्रातील पुण्यस्थळे म्हणून ती परिचित आहेतच. मराठीतील मैत्रीच्या आणि समतेच्या विचाराची उगमस्थाने म्हणूनही त्यांचे अध्ययन व्हावयास हवे.